उजवीकडची सीट

आमच्या गाड्यांच्या ग्रुपमध्ये रस्त्यावर हॉर्न वाजवायची पद्धत नव्हती. हॉर्नला एकच अर्थ होता: थांबा. मागे कुणाची गाडी बंद पडली, कुणाला उलटी आली, कुणाचं चाक बसलं, तर त्याने एक लांब हॉर्न द्यायचा. पुढच्याने तो ऐकला की आपला द्यायचा. असा तो सगळ्यात पुढच्या गाडीपर्यंत पोचला की मिळेल त्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी बाजूला व्हायचं. याशिवाय फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं आणि मगच वळायचं. गावातून जाताना इंजिनाचा आवाज खाली, छप्पर उघडं असेल तर गाणी बंद. गावाबाहेर पडलं की मात्र ‘त्स्यूगिश’. म्हणजे पाटीवरची मर्यादा पाळायची पण रेंगाळायचं नाही. एक वळण संपतं तिथूनच दुसरं सुरू करायचं.

हे नियम सगळ्यात पुढची गाडी चालवणाऱ्याचे होते. ब्रेकच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा इंजिनिअर ग्रुपमध्ये सगळ्यात वयस्कर. घरात आम्ही त्याला म्होरक्या म्हणायचो. मोबाइल, नॅव्हिगेशनचा पडदा, वॉकीटॉकी त्याला चालत नसे. पडद्याकडे बघणारा माणूस रस्त्याकडे बघत नाही, असं तो म्हणे. तो प्रत्येक आउसफार्टच्या आधी, म्हणजे अशा रविवारच्या फेरीआधी, फाटे आणि अंतरं लिहिलेली पानं सगळ्यांना वाटे. ती वाचून दाखवायला शेजारच्या सीटवर कुणीतरी लागे. इकडे जर्मनीत त्या माणसाला बाइफारर म्हणतात.

माझी बायको स्टुटगार्टच्या एका कंपनीत गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करते. नोकरी कायम झाल्यावर तिने कापडी छपराची, दोन सीटची जुनी लाल गाडी घेतली आणि या ग्रुपमध्ये शिरली. मी गाडी चालवत नाही. पुण्यात स्कूटर होती. इथे लायसन्सच्या प्रॅक्टिकलला नापास झालो आणि पुन्हा बसलो नाही. पुण्यात मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. तिच्या नोकरीमागे इथे आलो आणि आता घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. जर्मन गाडीत चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे माझी जागा उजवीकडे होती.

त्या जागेवर मी एक काम उभं केलं. म्होरक्याच्या पानावर फक्त फाटे असत. आदल्या आठवड्यात आम्ही तोच रस्ता घरच्या साध्या गाडीने फिरून येत असू आणि मी फाट्यांच्या मधली वळणं टिपून घेई. मग घरी बसून त्यांच्या हाका तयार करी. ‘डावं, उघडं.’ ‘उजवं, बंद होत जातं.’ ‘चढ, मग आंधळं.’ बंद होत जातं म्हणजे वळण पुढे आवळत जातं, आंधळं म्हणजे पलीकडचं दिसत नाही. एका हाकेला अरुंद मथळ्यात मावतील एवढेच शब्द. क्रियापद शक्यतो नाही. हाक वळणाच्या किती आधी द्यायची हेही ठरलेलं होतं, कारण उशिरा आलेली बातमी बरोबर असली तरी उपयोगाची नसते. बायको प्रत्येक हाक हलक्या आवाजात परत म्हणायची. मी ‘उजवं, आंधळं’ म्हणायचो, ती ‘उजवं, आंधळं’ म्हणायची, आणि गाडी वळायची. दोन सीझन आम्ही असे गेलो. त्या गाडीत आमच्यात दुसरं बोलणं जवळजवळ होत नसे, आणि तेवढं बोलणं आमचं दुसरीकडे कुठेही होत नसे.

आणखी एक गोष्ट मी माझ्या कामात धरत होतो. ती वरंधा घाटात तिच्या वडिलांच्या जीपवर गाडी शिकली होती. आंधळं वळण दिसलं की तिचा अंगठा आपोआप हॉर्नकडे जाई. म्हणून आंधळ्या वळणाच्या हाकेला मी ‘शांत’ असा शब्द जोडत असे. दोन सीझनमध्ये तिने एकदाही हॉर्न दिला नाही.

तिच्या धाकट्या बहिणीला कार्ल्सरूहेला संशोधनाची जागा मिळाली. बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, तोवर ब्राउनश्वाइगला होता. त्यानेही कार्ल्सरूहेच्या आसपास नोकरी शोधली आणि दोघं आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आले. तो टायर तपासण्याच्या कामात आहे. पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा तो दारातूनच बोलत आत आला.

“जयभीम, दादा. खाली ती लाल गाडी ताईची ना? पुढचे टायर बाहेरच्या कडेने खाल्लेत.”

“बूट काढ आधी,” मी म्हणालो.

“हो, हो, काढतो. पण ताई, खरंच खाल्लेत.”

बायको लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. “म्हणजे काय करतेय मी?”

“वळणात शिरल्यावरही ब्रेक धरून ठेवतेस. चाक बिचारं एकाच वेळी थांबतंय पण आणि वळतंय पण. त्याने तरी काय काय करायचं?”

“मी वळणाच्या आधीच ब्रेक सोडते.”

“टायर तसं म्हणत नाहीये.”

ती तशीच पिठाच्या हातांनी, घरातल्या चपला घालून त्याच्याबरोबर खाली गेली. राहिलेल्या पोळ्या मी आणि मेहुणीने केल्या. खिडकीतून दोघं दिसत होते. तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून टायरवर बोट फिरवत होता आणि ती वाकून बघत होती. मग तीही खाली बसली.

“दाजी, त्यांची ताटं खालीच नेऊन द्या,” मेहुणी म्हणाली. “तिकडे ब्राउनश्वाइगला पण असंच. लग्नाला गेलो की हा पार्किंगमध्ये.”

“तुला चालतं?”

“मला गाडी लागते. मला काय कळतंय त्यातलं? मला फक्त लिंबू लागतं.”

मत्सर हा शब्द आम्ही डेस्कवर बातमीत येऊ देत नसू, कारण त्याला पुरावा देता येत नाही. इथे पुरावा देता येईल. जेवताना बायकोने त्याला सात-आठ प्रश्न विचारले आणि एकाही प्रश्नाआधी तिला विचार करावा लागला नाही. मला ती गाडीबद्दल कधी प्रश्न विचारत नसे, कारण मला उत्तर येत नसे. तो ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाला की ती मान हलवत होती. भाजीत मीठ कमी होतं. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

निघताना तो म्हणाला, “दादा, एक रविवार तुमची सीट द्या. टायरचं काय होतंय ते आतून बघायचंय.”

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “एकाच रविवारचा प्रश्न आहे.” म्हणजे तिचं ठरलेलं होतं.

त्या रविवारी मी शेवटच्या गाडीत बसलो. ही गाडी एक दंतवैद्य बाई चालवत. साठीच्या पुढच्या, अजून दवाखाना चालवणाऱ्या. मागे कुणी राहिलं तर त्याला घेऊन येणं हे त्यांचं काम. आमच्या लगेच पुढे लाल गाडी होती. मुर्ग नदीच्या खोऱ्यातून निघून आम्ही ब्लॅक फॉरेस्टमध्ये वर चढायला लागलो.

पाठीमागून गाडी पाहिली की तिचे ब्रेकचे दिवे दिसतात. आतून ते कधी दिसत नाहीत, त्यामुळे माझ्यासाठी हे नवीन होतं. ज्या वळणाला माझ्या हिशोबाने दिवे लागायला हवे होते तिथे ते लागले नाहीत. लागले ते खूप पुढे, अगदी थोडा वेळ, आणि वळण सुरू होण्याआधी विझले. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. गाडी रस्त्याच्या बाहेरच्या कडेने येत होती, आतल्या कडेला टेकत होती आणि पुन्हा बाहेर जात होती, कुठेही अडखळल्याशिवाय. मर्यादा तीच होती. पाट्या मी बघत होतो आणि आमच्या गाडीचा काटाही बघत होतो. फरक वेगात कमी होता, हातात जास्त होता. ही माझी बायको चालवत आहे यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

“आज ती मोकळी चालवतेय,” दंतवैद्य बाई म्हणाल्या.

“इतर वेळी?”

“इतर वेळी नीट चालवते.” त्यांनी गिअर बदलला. “नीट आणि मोकळं यात फरक आहे. तुमच्या दातांचंही तसंच असतं.”

वरच्या जंगलात रस्ता अरुंद झाला. समोर कातळ होता आणि रस्ता त्याच्यामागे नाहीसा होत होता. तिथे लाल गाडीने हॉर्न दिला. छोटा, दोन ठोक्यांचा. घाटातला हॉर्न.

पुढच्या गाडीने तो ऐकला आणि नियमाप्रमाणे आपला लांब हॉर्न दिला. मग त्याच्या पुढच्याने. कातळापलीकडे जंगलात एकामागून एक हॉर्न दूर दूर गेले. मग इंजिनांचे आवाज उतरले. सगळा ग्रुप लाकडं रचून ठेवण्याच्या एका जागेत बाजूला झाला, आम्हीही पोचलो आणि थांबलो. दारं उघडली. मोठी माणसं उतरून एकमेकांना ‘काय झालं, कुणाला झालं’ विचारायला लागली. लाल गाडीत बायको दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती. तिच्या मानेवर लाली चढलेली मला मागूनही दिसली.

मला बरं वाटलं. माझ्या सीटवर मी असतो तर हे झालं नसतं, हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

म्होरक्या हातमोजे काढत मागे चालत आला. “काय झालं?”

“काही नाही. माफ करा,” बायको म्हणाली. “आमच्या घाटात आंधळ्या वळणाला हॉर्न देतात. सवयीने दिला गेला.”

“मी म्हटलं दे म्हणून,” साडू म्हणाला. “चूक माझी.”

म्होरक्याने विचार केला. “कशासाठी देतात?”

“समोरून येणाऱ्याला कळावं म्हणून.”

“त्याला ऐकू आलं नाही तर?”

“येतं. तोही देतो. मग दोघांनाही कळतं की पलीकडे कुणीतरी आहे.”

“आणि थांबतं कोण?”

बायको आणि साडू एकदम म्हणाले, “उतरणारा.”

“का?”

“चढणाऱ्याला परत उठवणं अवघड,” बायको म्हणाली. “माल भरलेला असतो. थांबला तर मागे यायला लागतो.”

म्होरक्या हसला. रस्त्यावर हसताना मी त्याला तोवर पाहिलं नव्हतं. ‘आल्झो’, म्हणजे ‘असं तर’, म्हणून तो वळला आणि पुढे जाऊन त्याने प्रत्येक गाडीपाशी थांबून ही गोष्ट सांगितली; चढणारा, उतरणारा, दोन्ही हातांनी दाखवत. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना घाटाबद्दल ऐकायचं होतं. साडूने सांगितलं, तो अडखळला तिथे बायकोने सांगितलं. दरड, धुकं, वळणावर उभी असलेली माकडं. मीही त्याच घाटातून अनेकदा गेलो आहे, पण प्रवासी म्हणून, आणि मला कुणी विचारलं नाही. जेवण झाल्यावर पार्किंगमधून बाहेर पडताना म्होरक्याने कोपऱ्यावर छोटा हॉर्न दिला, दोन ठोक्यांचा. त्याच्या मागच्याने दिला. मग सगळ्यांनी एकेक दिला.

“आपणही देऊ या का?” दंतवैद्य बाईंनी विचारलं.

“तुमची गाडी आहे,” मी म्हणालो. त्यांनी दिला.

त्याच टेबलावर म्होरक्याने एक गोष्ट काढली होती. शरद ऋतूत दोन मुक्कामांची मोठी आउसफार्ट होती, आल्गॉयला, आल्प्सच्या पायथ्याशी. खोल्या राखून ठेवायच्या म्हणून त्याला प्रत्येक गाडीतली दोन नावं हवी होती. बाकीच्यांनी तिथल्या तिथे दिली. बायको म्हणाली, “मी उद्या कळवते.”

संध्याकाळी घरी ती डबे घासत होती आणि मी पुसत होतो.

“माझ्याबरोबर तू हळू चालवतेस?”

“जरा.”

“जरा म्हणजे किती?”

“बातमी लिहितोयस का?”

“विचारतोय.”

तिने नळ बंद केला. “तुझा उजवा पाय. वळण आलं की तू पाय दाबतोस. तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये, पण तू दाबतोस. मला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो आणि मग माझाही पाय जातो. वळणात सुद्धा. टायर त्यामुळेच खाल्लेत. ते आज कळलं मला, शेजारी पाय हलला नाही तेव्हा.”

“मला सांगायचं होतंस.”

“मलाच माहीत नव्हतं म्हणतेय ना.”

“मी पाय दाबणार नाही.”

“आत्ता दाबतोयस,” ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय ओट्याखालच्या फळीला टेकलेला होता. ती हसली, मग थांबली.

“आल्गॉयला मला चालवायचंय,” ती म्हणाली. “तसं, आज चालवली तशी. वर्षातून एकदा मिळतं ते. मी त्याचं नाव देते. तू दंतवैद्य बाईंबरोबर ये. त्यांच्याकडे वाचणारं कुणी नसतं.”

“त्यांना विचारलंस?”

“दुपारीच विचारलं.”

मी डबा पुसून ठेवला. विचारण्यासारखं एकच उरलं होतं. “आणि पानं कोण लिहिणार?”

“तूच. अजून कोण? तो आज हाक देताना ‘ताई, इथे काय आहे माहितीये का’ असं सुरू करत होता. तोवर वळण संपायचं.” तिने नळ पुन्हा सोडला. “तुझी पानं असतील तरच मी त्याला बसवते.”

या वाक्याने मला समाधान वाटावं अशी तिची अपेक्षा होती. मला ते वाटलं नाही. आयुष्यातली बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाने छापून येणारा मजकूर दुरुस्त केला. सकाळी तो पेपरात वाचताना काहीही वाटत नसे. आता मात्र एक-एक हाक लिहिताना ती त्याच्या आवाजात ऐकू येत होती. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघांनी साध्या गाडीने तो रस्ता फिरून घेतला. मी उजवीकडे बसून टिपत होतो. तीही वळणं बघत होती, पण माझ्याकडे न बघता. मी पाय दुमडून सीटखाली घेतले होते. परत येताना गुडघे दुखत होते. पानं चांगली झाली. ती वाईट करता आली असती असं मला सुचलंही नाही. तसं काम मला येत नाही. ‘शांत’ हा शब्द प्रत्येक आंधळ्या वळणाला घातला.

ओबरयोखचा रस्ता बाड हिंडेलांगच्या वर सुरू होतो. कुरणातून आणि झाडीतून तो घड्या घालत चढतो. खालच्या घडीवरून वरच्या घडीवरच्या गाड्या दिसतात. काही क्षण त्या डोक्यावरून, उलट्या दिशेने जातात. ऊन होतं, सगळ्यांनी छपरं उघडली होती. मी माझीच पानं जर्मनमध्ये करून दंतवैद्य बाईंना वाचून दाखवत होतो. त्या हाका परत म्हणत नसत. माझा पाय पहिल्याच वळणाला गेला. मी माफी मागितली.

“दाबा,” त्या म्हणाल्या. “मी बघत नाही.”

दुसऱ्या घडीला लाल गाडी वरून गेली. साडूने पान मांडीवर धरलं होतं आणि बोट ओळीवर होतं. तो बोलला. मग बायकोचे ओठ हलले. अंतर बरंच होतं, मला काही ऐकू आलं नाही, पण तिथे कुठली हाक होती हे मला माहीत होतं. डावं, बंद होत जातं. ती म्हणाली आणि गाडी वळली. दिवे उशिरा लागले आणि लगेच विझले. त्यानंतरच्या प्रत्येक घडीला मी मान वर करून थांबत होतो. दंतवैद्य बाईंना एक हाक उशिरा मिळाली. त्यांनी वळण घेतलं. एकदा ती हसताना दिसली, डोकं मागे टाकून. त्या ओळीत हसण्यासारखं मी काही लिहिलं नव्हतं.

वर पोचल्यावर सगळे एका मोठ्या पार्किंगमध्ये थांबले. ब्रेकचा गरम वास येत होता. बायको गाडीतून उतरून जवळजवळ धावत माझ्याकडे आली. तिचे केस रुमालातून सुटले होते. तिने माझे दोन्ही दंड धरले.

“एक पण चुकलं नाही तुझं,” ती म्हणाली. “एक पण नाही.”

“दादा, वाचणाऱ्यालाही जरा धरा हिशोबात,” साडू मागून म्हणाला. “घसा कोरडा पडलाय माझा.”

“पाणी पी,” मी म्हणालो.

तो पाणी आणायला गेला. आम्ही दोघंच उभे राहिलो. अजून उतार बाकी होता, दुसऱ्या बाजूने, चढापेक्षा लांब. उताराला तिने मला शेजारी बोलवावं असं वाटत होतं. तिला वेळ मिळावा म्हणून मी डोंगराकडे बघत उभा राहिलो. तीही बघत होती, पण रस्त्याकडे, जिथे तो पार्किंगच्या टोकाला खाली वळत होता. तिचा उजवा हात मांडीवर हलके गिअर बदलत होता.

“उताराची पानं कुठेत?” तिने विचारलं.

ती माझ्या खिशात होती. साडू बाटली घेऊन परत आला होता. मी पानं त्याला दिली, क्रमाने लावून, पहिलं वर.

“तिसऱ्या वळणाची हाक लवकर दे,” मी त्याला म्हणालो. “तिथे उतार लपलेला आहे. दिसेपर्यंत थांबलास तर उशीर होईल.”

“किती लवकर?”

“दुसरं वळण संपायच्या आत.”

त्याने खिशातून पेन काढून तिथे खूण केली. बायको गाडीत बसून पट्टा लावत होती.